खोक्याशेजारची खोली

सोमवार, ३ फेब्रुवारी

बारके,

अक्षर ओळखलं असशीलच. फाडायचं असेल तर फाड, पण आधी वाच. हे पत्र भांडण मिटवायला लिहिलेलं नाही. कामाचं आहे. फोन केला असता तर आवाज ऐकून ठेवून दिला असतास, म्हणून कागद घेतला.

तू अकरा वर्षं केबलच्या ऑफिसात काढलीस, लोकांच्या घरी नेट जोडून दिलंस. मला त्यातलंच विचारायचं आहे. दुसरं कोणी माहितीतलं असतं तर त्याला विचारलं असतं.

निवृत्त झाले तेव्हा क्वार्टर सुटलं. आता एका इमारतीत पहिल्या मजल्यावर एका खोलीत राहते. खाली गोदाम, वर चार मजले, मजल्याला दोन बिऱ्हाडं. म्हणजे सात बिऱ्हाडं आणि मी. घरमालकाला जिना दुरुस्त करा म्हणून सांगितलं होतं, तर त्याने जिना तसाच ठेवून सगळ्यांना मिळून एक वायफायचा खोका बसवून दिला. तोही नेमका माझ्या दाराला लागून. खोका एक आणि खाणारी तोंडं वीस. दिवसभर ठीक चालतं, लोक कामावर असतात. संध्याकाळी सगळे एकदम तुटून पडतात आणि मग कोणाचंच धड चालत नाही. एकदा दुसऱ्या मजल्यावरचे हेडक्लार्क आणि तिसऱ्यावरच्या नर्सबाई जिन्यात असे ओरडले, की कोणी गेलं की काय म्हणून मी चप्पल न घालता बाहेर धावले.

मग सगळ्यांनी मला धरलं. ताई, तुम्हीच वेळा लावून द्या. का, तर माझ्याकडे साधा बटणांचा फोन. ज्याला भूक नाही त्याच्या हाती पळी. शिवाय हॉस्पिटलच्या लाँड्रीत तीस वर्षं मशीन कोणत्या वॉर्डला कधी द्यायचं ते मीच ठरवायचे. डॉक्टरांची बायको आली तरी रांगेत उभी केली आहे मी.

फळा टांगला. सहा ते साडेनऊ, प्रत्येक बिऱ्हाडाला अर्धा तास. एकाची वेळ चालू असताना बाकीच्यांनी आपापल्या मोबाइलवरचं वायफाय बंद ठेवायचं. अर्धा तास झाला की मी घंटा वाजवते. कोणाला मिनिट जास्त नाही, कोणाला मिनिट कमी नाही. आठ दिवसांत इमारत थंड झाली. हेडक्लार्क म्हणाले, ताई, तुम्ही सरकारात असायला हव्या होतात. मी म्हटलं, सातवीवर कोण घेतं.

आता अडचण ऐक. चौथ्या मजल्यावर एक शिंपी राहतो. जन्मापासून ऐकू येत नाही. लोक त्याला मुका म्हणतात, ते चूक आहे, तो हातांनी इतकं बोलतो की एखाद्याला दोन तोंडं असून जमणार नाही. बायको दुसऱ्या शहरात पॅकिंगच्या कारखान्यात. तीही तशीच. दोघं मोबाइलवर एकमेकांना बघून खुणांनी बोलतात. परवा उशीचे अभ्रे शिवायला टाकायला वर गेले तर त्याची वेळ चालू होती. पडद्यावर बायकोचा हात हवेत थिजलेला. मग एकदम तीन खुणा पुढे, मधलं सगळं गेलं. तो सारखी एकच खूण करत होता. मलाही कळली. पुन्हा सांग, पुन्हा सांग. अर्ध्या तासात त्यांचं पाच मिनिटांचं बोलणं होत असेल तर शपथ. आपण चित्र अडकलं तर आवाजावर भागवतो. त्यांनी कशावर भागवायचं?

खोका पहिल्यावर, तो चौथ्यावर, तिथवर जेमतेम पोचतं. खोका हलवावा तर मालक हात लावू देत नाही. आणि वर नेला तरी खालचे कोणीतरी लांब पडणारच. शिंप्याला एक तास द्यावा तर बाकीचे सहा जण दारात उभे राहतील. त्याची स्वतःची काही तक्रार नाही, बघितलं की मान हलवून हसतो. पण मला ते दिसलंय आणि आता डोक्यातून जात नाही.

तर सांग, बरोबर वाटणी कशी करायची? उत्तर लिहिलंस तर बरं. नाही लिहिलंस तरी माझं काही अडत नाही.

ताई


शुक्रवार, १४ फेब्रुवारी

बारके,

कार्ड मिळालं. मायना नाही, सही नाही. चालेल. कामाचं विचारलं, कामाचं सांगितलंस.

तुझं वाक्य होतं, “मिनिटं सारखी दिलीस तर लांबच्या माणसाला कमीच मिळणार, त्याच्यापर्यंत पोचतं किती ते बघ.” मला पटलं. लाँड्रीत आम्ही तेच करायचो की. वॉर्डाला मिनिटं कुठे द्यायचो, गाठोडं वजन करून घ्यायचो. प्रत्येकाला सारखं वजन, मग मशीनला लागेल तेवढा वेळ लागो. इथेही तसंच करू म्हटलं. हेडक्लार्कांना खोक्याचा हिशोब मोबाइलवर बघता येतो, कोणी किती ओढलं ते. एमबी का काय म्हणतात ते. तीनशे एमबी प्रत्येकाला. ते माझ्या दारात खुर्ची टाकून बसले आणि वजनकाट्यावर बसल्यासारखे आकडे वाचू लागले.

काय सांगू तुला. हेडक्लार्कांचे स्वतःचे तीनशे एमबी सहा मिनिटांत संपले. म्हणाले, “ताई, पान वाढलं आणि उचललं. आता उरलेली संध्याकाळ भिंतीकडे बघू?” आणि शिंप्याचे तीनशे काही केल्या भरेनात. पाऊण तास झाला, एक तास झाला, दीड झाला. तो वर आपला खूश, त्याला वाटलं ताईने मेहेरबानी केली. आणि त्याच्या मागे नंबर नर्सबाईंचा.

नर्सबाईंचा मुलगा लांबच्या शाळेत, वसतिगृहात असतो. आठ वाजता तिथे दिवे घालवतात. बाई साडेसातपासून मोबाइल मांडीवर घेऊन बसलेल्या. आठ वाजले, गेले. त्या खाली आल्या, ओरडल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, “ताई, त्याला आठ वाजता झोपवतात. तुमच्या एमबीला ते माहीत आहे का?” आणि वर गेल्या. ओरडल्या असत्या तर मी दोन शब्द सुनावले असते.

घरात येऊन तुझं कार्ड परत काढलं, म्हटलं हिने भलतंच काय सांगितलं. तेव्हा मागची बाजू दिसली. मागे तू लिहिलं होतंस, “माल सारखा दिलास तर उलटं होईल. हवा सगळ्यांची एकच. लांबचा फोन हळू बोलतो, आणि तो बोलतो तोवर बाकीच्यांना गप्प बसावं लागतं. एक लांबचा सगळ्यांची संध्याकाळ खाईल. आधी ठरव काय सारखं करायचं आहे.”

कार्ड उलटून बघायचं मला सुचलंच नाही. अर्धं वाचायचं आणि कामाला लागायचं. हसू नकोस.

फळ्यावर परत अर्धा अर्धा तास लिहिला आहे. म्हणजे शिंपी आहे तिथेच. मिनिटं सारखी केली तर त्याच्यावर अन्याय, माल सारखा केला तर बाकीच्यांवर. मग सारखं करायचं तरी काय? मी आयुष्यभर सगळं सारखंच वाटलं. आईचे महिनेही सारखेच वाटले होते, एक तुझा, एक माझा, एक दिवस इकडे तिकडे नाही. तेव्हाही तुझं तोंड वाकडंच असायचं. ते जाऊ दे. मी ते काढणार नव्हते.

ताई


रविवार, २३ फेब्रुवारी

बारके,

नऊ दिवसांत तुझं काही आलं नाही. महिन्यांचं काढलं म्हणून असेल. काढायला नको होतं, पण खोडलंही नाही, कारण शाईचं खोडलं की जास्तच दिसतं.

इकडचं सांगते. काल सगळ्यांना जिन्यात बोलावलं. म्हटलं, माझी अक्कल संपली, तुम्ही बोला. लगेच सगळे बोलले. हेडक्लार्कांचं म्हणणं, ज्याला कमी लागतं त्याने आपली मिनिटं दुसऱ्याला द्यावीत, आणि हे म्हणताना स्वतःची एकसुद्धा दिली नाही. नर्सबाईंना फक्त साडेसात हवे होते. बाकी काही नको, अर्ध्याचा पाव तास केला तरी चालेल म्हणाल्या. हे त्यांनी आधी का नाही सांगितलं? तर फळ्यावर मी नंबर टाकून मोकळी झाले होते. घंटेसमोर कोण बोलणार.

शिंपी मागे भिंतीला टेकून उभा. आम्ही सगळे त्याच्याबद्दल बोलतोय आणि तो आमची तोंडं बघतोय. मला लाजच वाटली. मी त्याच्या समोर गेले आणि हात पसरून विचारलं, तुला काय पाहिजे? त्याने खांद्यावरचा अस्तराचा काळा तुकडा काढला, खिशातला खडू काढला आणि लिहिलं, “जास्त वेळ नको. खोक्याजवळ बसू द्या.”

एवढंच. दोन खडूच्या ओळी. मी विचारलं, मग इतके दिवस गप्प का? त्याने खाली लिहिलं, “कोणी विचारलं नाही.”

मग त्याच संध्याकाळी त्याला खोक्याखाली स्टूल दिलं. चित्र असं स्वच्छ आलं की बायकोच्या हातातली अंगठी दिसली. पण दहा मिनिटांत तो उठून वर गेला. मला कळेना. नर्सबाईंनी सांगितलं, ताई, येणारे जाणारे थांबून बघतात की. खालची दोन पोरं त्याच्यासारखे हात करून दाखवत होती. तुम्ही नवऱ्याशी असं चव्हाट्यावर बोलला असतात का? मी म्हटलं, मी घरातही बोलत नव्हते. पण मुद्दा कळला. त्या खुणा आपल्याला कळत नाहीत म्हणून काय झालं, बोलणं ते बोलणंच.

आता खोक्याजवळ पाहिजे आणि चार भिंतीही पाहिजेत. अशी जागा इमारतीत एकच आहे. तू ओळखलंस. मला ओळखायला रात्रभर लागली, आणि अजून मी काही केलेलं नाही. माझ्या खोलीत परका माणूस रोज येऊन बसणार, माझ्या खुर्चीवर. मला ते सहन होत नाही, तुला माहीत आहे.

ताई


मंगळवार, ४ मार्च

बारके,

दिली खोली.

आठ दिवस झाले. रोज साडेआठला तो येतो, दारात चपला काढतो, मी बाहेर जाऊन पायरीवर बसते आणि दार ओढून घेते. नर्सबाईंना साडेसात पक्के. बाकीच्यांना विचारून विचारून वेळा लावल्या. सगळ्यांना सारखं मिळतं का, मला माहीत नाही. तक्रार नाही एवढं खरं. हेडक्लार्क तेवढे कुरकुरतात, पण कुरकुर नसेल तर त्यांना जेवण पचत नाही.

पहिल्या दिवशी आत धाडधाड टेबल वाजलं. म्हटलं पडला की काय, दार ढकललं, तर हा उभा राहून मोबाइलकडे हातवारे करतोय आणि पलीकडे बायको त्याच्याहून जोरात. नवरा बायकोचं भांडण. महिनोन्‌महिने बिचाऱ्यांना भांडायलासुद्धा रेंज नव्हती. मी दार ओढून घेतलं आणि पायरीवर बसून हसले. मग थोड्या वेळाने तो आत मोठ्याने हसला. त्याचं हसणं मी आधी ऐकलं नव्हतं. आवाज वेगळाच आहे, पण हसणं कळतं.

पायरीवर बसलं की बाईला काही उद्योग नसतो. डोकं चालतं. म्हणून हे लिहिते.

माझं घर तळमजल्यावर होतं, हॉस्पिटलच्या भिंतीला लागून. तुझं तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आईला चालता येत नव्हतं. दर दुसऱ्या महिन्याच्या पहिल्या तारखेला तू दोन माणसं आणायचीस, ते तिला खुर्चीला बांधून वर न्यायचे. ती डोळे मिटून घ्यायची, असं तू म्हणाली होतीस. तू ऑफिस सांभाळून तिचं करायचीस, रात्री उठायचीस. माझा महिना आणि तुझा महिना कॅलेंडरवर सारखे दिसायचे. तीस चौकोन इकडे, तीस तिकडे.

आणि तू म्हणाली होतीस, “ताई, आईला तुझ्याकडेच राहू दे. माझ्या महिन्यात मी तिथे येऊन राहते, सगळं मी करते. तू हातसुद्धा लावू नकोस.” हे तू दोनदा म्हणालीस. मी म्हटलं, माझ्या घरात तुझा महिना कसा धरायचा. पाहुण्यांसमोर मी ते न्यायाचं म्हणून सांगायचे. म्हणायचे, वाटणी म्हणजे वाटणी.

खरं सांगू का? मला तो महिना घर मोकळं हवं होतं. औषधांचा वास नको, रात्रीची हाक नको, आणि तूही नको. न्याय वगैरे काही नव्हतं. जे शिंप्याला आठ दिवसांत दिलं ते तुला आणि आईला अडीच वर्षांत दिलं नाही.

आणि शेवटी मी जे बोलले ते सगळ्यांच्या देखत बोलले. आईला स्मशानात नेल्यावर, तू पाणी प्यायला वाकलीस तेव्हा. मी म्हटलं, “आई तुझ्या महिन्यात गेली.” तू ग्लास खाली ठेवलास आणि निघून गेलीस. त्या वाक्याला सहा वर्षं झाली. मी ते मनात बरंच वेगवेगळं करून बघितलं, की मी तसं म्हटलं नव्हतं, की तसा अर्थ नव्हता. तसंच म्हटलं होतं आणि तोच अर्थ होता.

माफी मागायची मला सवय नाही आणि आता शिकायचं वय नाही. पण एक विचारायचं आहे. तो महिना एकोणीस दिवस चालला. त्या एकोणीस दिवसांत मी आले नाही, कारण तो माझा महिना नव्हता. ते दिवस कसे गेले हे मी तुला कधीच विचारलं नाही. आता विचारते. ती काय बोलायची, काय खायची, शेवटच्या दिवशी कोण जवळ होतं. पाहिजे तेवढं लांब लिही. दोन्ही बाजू वाचीन.

ताई


सोमवार, १७ मार्च

बारके,

नऊ पानं. पोस्टमनने पाकीट हातात तोलून बघितलं.

सगळी वाचली. पुढून, मागून. सकाळी सुरू केली, दुपारी संपली. संध्याकाळी शिंपी आला तेव्हा मला बघून परत जायला निघाला. मी त्याला बसवलं आणि बाहेर जाऊन पायरीवर पुन्हा पहिल्यापासून वाचली.

आईला वर तुझ्याकडे आवडायचं हे मला माहीत नव्हतं. मी समजत होते की तिसरा मजला म्हणजे हाल. तू लिहितेस ती खिडकीत बसून समोरच्या न्हाव्याची गिऱ्हाईकं मोजायची आणि कोणाचे केस वाकडे कापले ते तुला सांगायची. माझ्याकडे तर दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायची. मला वाटायचं आजारपण. माझ्या खोलीची खिडकी बोळात उघडायची, तिथून दिसायला होतं काय. म्हणजे मला वाटत होतं माझी जागा चांगली आणि तुझी वाईट, तेही आईला विचारून ठरलेलं नव्हतंच. जिना वाईट आणि खिडकी चांगली. कसं मोजणार होते मी हे, कुठल्या काट्यावर.

आठव्या पानावरचं परत परत वाचलं. ती रोज संध्याकाळी विचारायची, थोरली कधी येते. तू सांगायचीस, तिचा महिना नाही. आणि एक दिवस ती म्हणाली, “अगं, मग माझा महिना कुठला?”

तू लिहिलं आहेस की तू ते उत्तर रागाने द्यायचीस, माझ्यावरचा राग तिच्यावर काढायचीस. माझ्या वाक्यापेक्षा तुला तुझं ते वाक्य जास्त लागलं, म्हणून सहा वर्षं गप्प बसलीस. मला वाटत होतं तू मला शिक्षा देते आहेस.

बारके, तू खोटं काही सांगितलं नाहीस तिला. माझा महिना नव्हता आणि मी येत नव्हते. बसने चाळीस मिनिटं होती. हे तुझ्या डोक्यावर घेऊ नकोस, मला पेलतं.

ती शेवटी झोपेत गेली आणि तुझा हात तिच्या पोटावर होता, हे लिहिलंस ते बरं केलंस. मला वाटायचं ती एकटी होती.

घंटा नर्सबाईंच्या ताब्यात दिली आहे, खोलीची किल्ली शिंप्याकडे. मी शुक्रवारच्या सकाळच्या गाडीने येते. आता गाडीला चार तास लागतात म्हणे, तू लांब जाऊन बसलीस. नको असेल तर तसं कळव, नाही येणार, आणि रुसणारही नाही. पण तुझ्याकडून काहीच आलं नाही तर ते हो आहे असं मी धरणार नाही. जिन्याखाली उभी राहून आधी विचारीन, येऊ का वर.

तुझी
ताई